दुरडी खाली ठेवायची नाही

"खाली नका ठेवू! अहो, खाली नका ठेवू त्यांना!"

माझ्या ओरडण्यानं अजिंठ्याच्या घाटातली माकडं झाडं सोडून पळाली, असं मी सांगत असते. आमचे हे म्हणतात, एवढ्या पावसात माकडं होतीच कुठं. असू दे. मी ओरडले हे खरं, आणि यांचे हात जमिनीपासून वीतभर वर जागच्या जागी थिजले हेही खरं. हातात बांबूची दुरडी होती. दुरडीत जुन्या लुगड्याच्या घड्यांत गुंडाळलेले दोन मुखवटे, आमच्या घरच्या थोरल्या आणि धाकट्या महालक्ष्मीचे. त्यांच्यावर यांचा एकुलता एक रेनकोट. स्कूटरचं मागचं चाक बसलं होतं, स्टेपनी लावायची तर हात मोकळे हवेत, म्हणून हे दुरडी रस्त्याकडेच्या दगडावर टेकवायला निघाले होते.

"दगडावर ठेवतोय. जमिनीवर नाही," हे म्हणाले.

"दगड कशावर आहे?"

हे दगडाकडं बघत राहिले. दुरडी माझ्या डोक्यावर आली.

आमच्या घरची रीतच तशी. भाद्रपदात महालक्ष्म्या येतात. पहिल्या दिवशी उभ्या राहतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. मुखवटे एकदा पेटीतून काढून वाटेला लावले, की उभ्या राहीपर्यंत त्यांना भुई लागू द्यायची नाही. आणि उभ्या राहायचं ते पहिल्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत. आमचे मुखवटे शाडूचे, रंगवलेले, सासूबाईंच्याही सासूच्या वेळचे. पितळेचे असते तर मी त्यांना पोहायलासुद्धा सोडलं असतं. मातीच्या देवाला पाणी म्हणजे काय ते सांगायला नको.

सासूबाई गेल्यावर महालक्ष्म्या सोयगावला थोरल्या जाऊबाईंकडं राहिल्या. लग्न झाल्यापासून दरसाल मी तिथं जायची, हत्तीच्या वजनाचं पुरण वाटायची, सोळा भाज्या चिरायची, पण मुखवट्याला हात लावायची वेळ आली की जाऊबाई म्हणायच्या, "तू जरा चुलीकडं बघ." त्या चुलीकडं बघून बघून माझे डोळे गेले. शहरात, पुंडलिकनगरात, आमच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या आणि मी धीर करून मागितलं: एक साल आमच्याकडं येऊ द्या.

"तुझ्या घरात न्हाणी अन् देव एका भिंतीला," जाऊबाई म्हणाल्या.

"भिंत जाड आहे, जाऊबाई."

"न्यायच्या तर ने. पण पहिल्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, तुझ्या घरात, तुझ्या हातानं उभ्या राहिल्या पाहिजेत. यातलं एक जरी चुकलं तर परत आणून द्यायच्या. अन् पुन्हा मागायच्या नाहीत."

जाऊबाई एकदा बोलल्या की त्यात कानामात्रा फिरत नाही. भावजी त्यांच्या घरात रेडिओसुद्धा विचारून लावतात.

यांना कंपनीतून रजा मिळाली ती त्याच दिवसापासून. म्हणून अंधारात शहरातून निघायचं, सोयगाव गाठायचं, मुखवटे घ्यायचे आणि आल्या पावली परतायचं, असा बेत. घरी मी पत्र्याच्या दोन कोठ्यांना साड्या नेसवून, दागिने घालून, बिनडोक्याच्या उभ्या करून आले होते. किल्ली शेजारणीकडं. सगळी तयारी झालेली. फक्त डोकी यायची बाकी होती. आणि ती डोकी आता माझ्या डोक्यावर, घाटाच्या वळणावर, पावसात.

एक ट्रक आमच्यापाशी येऊन हळू झाला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

"ओ मावशी, काय विकायल्या?"

"देव."

"कसे दिले?"

"तुला पेलायचे नाहीत रे बाबा. जा पुढं."

तो हसत गेला आणि जाताना त्याच्या चाकानं घाटातला सगळा चिखल यांच्या पाठीवर फेकून गेला. यांनी वळूनही पाहिलं नाही. नट आवळत राहिले. संकट जितकं मोठं तितके हे गप्प. आणि मी तितकीच मोठ्यानं बोलते. संसार असाच तोलून चालतो.

घाट चढून वर आलो तर आभाळ खाली आलेलं. भादव्यातला पाऊस तसा येतो-जातो, पण त्या दिवशी आला तो बिऱ्हाड घेऊनच आला. सिल्लोडला पोहोचेपर्यंत माझ्या पदरातून नळ वाहत होता. चहाच्या हॉटेलवाल्याकडून मी खताची रिकामी गोणी मागून घेतली, तिचा कोपरा आत दाबून खोळ केली आणि ती स्वतःवर न घेता दुरडीवर घातली. तिथंच कळलं, की पुढच्या फरशीच्या ठेंगण्या पुलावरून पाणी चाललंय आणि शहराकडं जाणाऱ्या गाड्या सकाळपासून उभ्या आहेत.

"कधी उतरेल पाणी?" यांनी विचारलं.

"पाण्याला इच्यारा," हॉटेलवाला म्हणाला. "नायतर भराडीवरनं पिशोरला जावा. तिथनं फुलंब्रीला निघताल. लांब पडतं, पर रस्ता चालू हाय म्हणत्यात."

"म्हणत्यात" या शब्दावर विश्वास ठेवून आजवर जितकी माणसं बुडाली असतील तितकी विहिरीतही बुडाली नसतील. मी म्हणाले, "थांबू या." हे म्हणाले, "थांबलो तर दिवस गेला." आणि ते खरंच होतं. दिवस गेला की जाऊबाईंची अट गेली, अट गेली की महालक्ष्म्या गेल्या, आणि मी उरलेला जन्म चुलीकडं बघत बसायची. मी मागं बसले. दुरडी मांडीवर, दोन्ही हातांची कवळ तिच्याभोवती. यांच्या पाठीला धरायला मला हात उरला नाही. त्या रस्त्यावरचा एकेक खड्डा म्हशीला बसता येईल एवढा, आणि मी नुसत्या पुण्याईवर बसलेली.

भराडी मागं पडली आणि स्कूटर फुरफुरली, खोकली, बंद पडली. पाणी लागलं की तिचं असंच होतं. मग हे तिला एका अंगावर आडवी करतात, पेट्रोल उतरू देतात, पुन्हा उभी करून लाथ मारतात. आडवी, उभी, लाथ. आडवी, उभी, लाथ. मी शेजारी दुरडी घेऊन उभी. आसपास घर नाही, माणूस नाही, कपाशीच्या शेतात गुडघाभर पाणी. उजेड मळकट होत चाललेला. यांच्या मनगटावरच्या घड्याळात पाणी शिरून काटे पोहत होते.

"किती वाजले असतील हो?"

"बघू नकोस."

"मी घड्याळ कुठं बघतेय, आभाळ बघतेय."

"तेही बघू नकोस."

कितव्या लाथेला ती सुरू झाली देव जाणे. दुरडीतल्यांना विचारायला हवं होतं. पुढं थोडंच गेलो आणि रस्ता संपला. म्हणजे रस्ता होता, पण त्याच्यावरून ओढा चालला होता. गढूळ, फेसाळ, आणि त्याचा आवाज असा, की गिरणीच्या पट्ट्याजवळ कान लावावा. मधून एक आख्खं झाड मुळासकट गेलं. मी तर सांगते, झाडावर घरटं होतं आणि घरट्यात पाखरू अंड्यावर बसलेलं होतं. हे म्हणतात, फांदी होती. पुरात उतरलेल्या माणसाला काय दिसणार? काठावरच्याला दिसतं.

कारण हे उतरले होते. पँट गुडघ्यावर घेतली, चपला पायातच ठेवल्या आणि म्हणाले, "खोली बघून येतो. फरशी खाली लागली तर गाडी ढकलत नेऊ."

"अहो, नको."

"पलीकडं पिशोर आहे. तिथून दिवसाउजेडी घर गाठता येतं."

"नको म्हणतेय ना!"

"तू त्यांना धर," हे म्हणाले आणि निघाले. घोटा. पोटरी. गुडघा. मी आवाज देत होते आणि ओढा माझा आवाज गिळत होता. मांडीपर्यंत पाणी आलं, तेव्हा यांनी वळून हात वर केला, जमतंय अशा अर्थानं. त्याच क्षणी एक पाय सरकला आणि हे बसले. बसले म्हणजे मांडीचं पाणी छातीला लागलं. उजव्या हातानं फरशीकडेचा दगडी खुंट धरलेला, आणि पाणी यांना खुंटावरून सोलून काढायला बघतंय.

माझे दोन्ही हात दुरडीला. समोर नवरा. खाली भुई. ती भुई म्हणजे चिखल आणि वाहतं पाणी. तिथं दुरडी ठेवली तर महालक्ष्म्या ओढ्याच्या. न ठेवावी तर हे ओढ्याचे. मग डाव्या हाताला बाभळ दिसली. काटेरी, वाकडी, डोक्याएवढ्या उंचीवर दोन फांद्यांचं दुबेळकं फुटलेलं. मी दुरडी त्या दुबेळक्यात दाबून बसवली, काटे मनगटापर्यंत ओरबाडत गेले, आणि पाण्यात शिरले.

यांच्या शर्टाची कॉलर माझ्या हातात आली. मी ओढते, ओढा ओढतो. मागून कोणीतरी कडाडलं, "आरं ए! मरायचंय का? बाई, सोडू नगं! काठी धर!" डोक्यावर घोंगडं घेतलेला एक म्हातारा लांब काठी पुढं करून काठावर उभा होता. मी एका हातानं काठी धरली, आणि त्यानं आम्हा दोघांना बैलजोडीसारखं बाहेर ओढलं.

हे चिखलात बसले, खोकले, पायांकडं बघितलं. "चप्पल गेली," म्हणाले.

मी बाभळीकडं धावले. दुरडी तिथंच होती. गोणीवरून पाणी ओघळत होतं. आत हात घालून चाचपलं: लुगडं दमट, पण ओलं नाही.

"माघारी फिरा," म्हातारा म्हणाला, आणि स्वतःच मान हलवली. "माघारी तरी कुठं? मागल्या वढ्याला बी पाणी आलंय. आता न तिकडं न हिकडं. चला माझ्याकडं."

त्याचं घर उंचवट्यावर होतं. पत्र्याचं, एका खणाचं, अर्ध्या भागात बाहेरच्या पावसामुळं आत घेतलेली मेंढरं. त्याच्या म्हातारीनं आम्हाला पाहिलं, मग दुरडीकडं पाहिलं. "बाळ हाय का काय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं: मुखवटे, रीत, मावळता दिवस, जाऊबाई. म्हातारी ऐकताना दोनदा तोंडावर हात घेऊन हसली, पण मी "इथं उभ्या करू द्या" म्हणाले तशी ती थांबली. नवऱ्याकडं बघितलं. म्हातारा काठी कोपऱ्यात लावता लावता म्हणाला,

"त्ये नाय जमायचं, बाई. राहा, खावा, झोपा. पर महालक्ष्म्या आमच्यात नसत्यात. एकदा घरात उभ्या राहिल्या का दरसाल कराव्या लागत्यात. आमी मेंढरामागं फिरणारी माणसं. भादव्यात कुठं असू ते आमालाच ठाव नाय. करायचं राहिलं तर?"

तो खोटं बोलत नव्हता. माझ्या माहेरी हेच ऐकलंय: एकदा मांडलं की मोडायचं नाही. मी दारात उभी, दुरडी छातीशी, बाहेर उजेड चुलीतल्या राखेसारखा. जाऊबाईंची अट माझ्या घरात उभ्या करायची होती, आणि म्हाताऱ्याची भीती त्याच्या घरात उभ्या राहण्याची. दोघांचं घोडं एकाच जागी अडलं होतं. आणि मग ते मला सुचलं.

"मग घरच मला द्या."

"म्हंजी?"

"महालक्ष्म्या जाईपर्यंत हे घर माझं. तुम्ही दोघं माझ्याकडं आलेले पाहुणे. करणार मी, घर माझं, नेम माझा. तुमच्यावर काही नाही. आम्ही गेलो की घर पुन्हा तुमचं."

म्हातारा डोकं खाजवायला लागला. पण म्हातारीच्या डोळ्यांत चमक आली. "म्हंजी सैपाक तूच करणार?"

"मीच."

"अन् भांडी?"

"हे घासतील."

यांनी मान वर केली, पुन्हा खाली घातली.

"चला भायेर," म्हातारी नवऱ्याला म्हणाली.

"भायेर पाऊस हाय."

"पाव्हणं भायेरनंच येत असत्यात."

आणि ती दोघं खरोखर स्वतःच्या घरातून बाहेर पडली, पागोळ्यांखाली उभी राहिली. म्हातारी ओरडली, "हाय का कुणी घरात?"

"या या!" मी म्हणाले. "कधी निघालात? बसा. मेंढरू जरा सरकवून बसा."

मग दुरडी यांच्या मांडीवर देऊन मी वाऱ्यासारखी फिरले. ज्वारीची दोन अर्धी पोती उभी केली, त्याच कोठ्या. म्हातारीनं पाहुणी म्हणून मला तिचं एक नवंकोरं लुगडं आहेर केलं, ते थोरलीला. धाकटीला माझीच साडी पिळून. मी म्हातारीचं जुनं नेसले. सोवळ्याचं विचाराल तर मी आंघोळीहून जास्त भिजले होते. यापेक्षा कडक ओलेतं सोयगावात कुणी पाहिलं नसेल. कुंकू म्हातारीच्या करंड्यातलं. गडबडीत एक मेंढरू थोरलीच्या पदराचं टोक चावायला लागलं, त्याला हे एका हातानं धरून बसले.

"दिवस मावळला का?" म्हाताऱ्यानं विचारलं. आभाळ असं, की दिवस उगवला होता की नाही तेही सांगता येऊ नये.

"सासूबाई सांगायच्या," मी म्हणाले, "काळं मेंढरू भिंतीपासून वेगळं दिसतं तोवर दिवस आहे."

सासूबाईंनी जन्मात मेंढरू पाळलं नव्हतं.

चौघंही भिंतीकडं बघायला लागलो. भिंत काळी. कोपरा काळा. माझ्या तळव्यावरचं कुंकू घामानं ओलं झालं.

"हललं," हे म्हणाले. "ते बघ. कान."

"वेगळा दिसतोय?"

"दिसतोय."

मी दुरडी घेऊन उंबऱ्यावर गेले. म्हातारीनं न सांगता आतून विचारलं, "कोण आली?"

"महालक्ष्मी आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी आली."

"भराडीच्या वाटंनं आली," म्हातारा हळूच म्हणाला, आणि म्हातारीनं त्याला कोपरखळी मारली. मी दोन्ही मुखवटे माझ्या हातानं पोत्यांवर बसवले. थोरली कोरडी ठणठणीत. धाकटीचं काजळ एका डोळ्याखाली बोटभर ओघळलेलं. म्हातारीनं दोघींच्या खांद्यांवर घोंगडं पांघरलं, गारठा आहे म्हणून. जगात दुसऱ्या कुठल्या महालक्ष्मीनं घोंगडं पांघरलं असेल तर मला दाखवा.

एकदा उभ्या राहिल्या की मधे हलवता येत नाहीत. म्हणून दोन्ही रात्री आम्ही तिथंच काढल्या. दुसऱ्या दिवशी पुरण नव्हतं, सोळा भाज्या नव्हत्या. बांधावरची अंबाडी होती आणि ज्वारीची आंबील होती. मी एकच अंबाडी पानात सोळा ठिकाणी वाढली. सवाष्ण म्हणून म्हातारीला पाटावर बसवलं, पाय धुतले, तर ती लाजून मेंढराआड तोंड लपवायला लागली. भांडी यांनी घासली. तिसऱ्या दिवशी अक्षता टाकल्या, मुखवटे उतरवले, लुगड्यात गुंडाळले. पाणी दोन्हीकडचं उतरलं होतं.

स्कूटर आडवी करून उभी केल्यावर हे म्हणाले, "घरीच जाऊ. मुखवटे दिवाळीत नेऊन देऊ. तोवर वहिनी विसरतील."

"जाऊबाई?"

"बरं, नाही विसरणार. पण न सांगितलं तर कळणार कुणाला?"

"धाकटीच्या डोळ्याकडं बघा," मी म्हणाले. यांनी बघितलं आणि स्कूटर सोयगावकडं वळली. त्या दिवशी लख्ख ऊन होतं आणि मला थंडी वाजत होती. पावसात इतकी भीती वाटली नव्हती.

जाऊबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. भावजी पेपराआड. मी सगळं सांगितलं, आणि आता खोटं कशाला बोलू, जरा वाढवूनच सांगितलं. ओढा ताडाएवढा झाला, यांना मी काठापासून कोसभर वाहत गेल्यावर पकडलं, बाभळीला वाकून नमस्कार करावा लागला. हे दाराशी उभे, पायात म्हाताऱ्याच्या जाड वहाणा. जाऊबाईंनी तांदळातून मान वर केली नाही.

"दिवस?" त्या म्हणाल्या.

"होता. मेंढराचा कान दिसत होता."

"हात?"

"माझेच." मी मनगटावरचे काट्यांचे ओरखडे पुढं केले. त्यांनी पाहिले.

"घर?"

इथं माझा सगळा मोठा आवाज संपला. मी बारीक आवाजात सांगितलं, की दोघं पावसात बाहेर गेली, हाक मारली, मी "या या" म्हणाले. घर तेवढ्यापुरतं माझं होतं. जाऊबाईंनी सूप बाजूला सारलं, दुरडी मांडीवर घेतली, लुगडं उलगडलं. धाकटीच्या गालावरून पदराचं टोक फिरवलं. काजळ निघालं नाही.

"पाहुणे जेवले का पोटभर?"

"जेवले. म्हातारीनं आंबील पुन्हापुन्हा मागून घेतली."

जाऊबाई उठल्या. दोन्ही मुखवटे पेटीत ठेवले, झाकण लावलं. मला राहवेना.

"जाऊबाई, मग पुढच्या साली..."

"यस्टीनं ने," त्या म्हणाल्या.